सागवान, समुद्र आणि भिलाईचा मे महिना

शिडाच्या नौकेतल्या केबिनचे टेबल लांबून घरातल्या टेबलासारखेच दिसते. जवळ गेल्यावर फरक कळतात. त्याचा पाय केबिनच्या जमिनीला बोल्टांनी जखडलेला असतो. वरच्या फळीच्या चारही कडांना दीड-दोन इंचांचा बुटका कठडा असतो, म्हणजे नौका कलली तरी ताट घसरून खाली जात नाही. कठड्याचे चारही कोपरे मुद्दाम उघडे ठेवलेले असतात. सांडलेला रस्सा आणि पोळीचे कण त्या फटींतून फडक्याने बाहेर ओढता येतात. दोन्ही बाजूंना बिजागरीवर दुमडणारी पाने असतात, कारण केबिनमध्ये एका वेळी एकच माणूस सरळ चालू शकेल एवढीच जागा असते. पाने उघडली की जेवणाची खोली, मिटली की वाट.

या टेबलावर जेवण होते, सागरी नकाशे पसरतात, बिघडलेला पंप उघडून त्याचे तुकडे मांडले जातात, आणि गरज पडली तर जखमी माणसाला आडवे करून टाके घातले जातात. पण त्याचे सगळ्यात मोठे काम कोणी बोलून दाखवत नाही. नौका अचानक कलली की माणसाचा हात आधी टेबलाकडे जातो. सत्तर-ऐंशी किलोचे अंग पूर्ण वेगाने टेबलाच्या कडेवर येऊन आदळते आणि टेबलाने ते झेलायचे असते. घरातल्या टेबलावर असा प्रसंग फार तर लग्नघरात येतो.

काही नौकांत खाली वजन लावलेले टेबल झोपाळ्यासारखे टांगतात. नौका झुकली तरी त्याची फळी सपाट राहते आणि वाटीतली आमटी सांडत नाही. मात्र अशा टेबलाला धरून उभे राहता येत नाही, आणि चुकून त्यावर हात टेकला तर सगळा स्वयंपाक मांडीवर येतो. म्हणून लांब पल्ल्याच्या नौकांत जखडलेले टेबलच जास्त दिसते. वीस-तीस वर्षे असा मार खाल्ला की कडा गोल होतात, पॉलिश उडते, गरम भांड्यांची वलये उठतात, बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले पडतात आणि पाय डुगडुगू लागतो. मग ते नव्याने बांधावे लागते.

मुंबईत बांधलेली सुहेली

जुन्या सागवानी नौकेचे जगात सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईचे आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा अधिकारी १९६०च्या दशकात मुंबईत होता. त्याने इथेच ३२ फुटांची सागवानी नौका बांधून घेतली. आराखडा परदेशी होता, हात इथल्या सुतारांचे. वाकस, हातकरवत आणि दोरीने फिरवायचा गिरमिट यांवर बरेचसे काम झाले. डिसेंबर १९६४ मध्ये नौका पाण्यात उतरली. नाव ठेवले ‘सुहेली’. इराणच्या आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला हे नाव देतात. १४ जून १९६८ रोजी नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडमधल्या फाल्मथहून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीला फेरी घालून २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. एकट्याने, न थांबता केलेली ही जगातली पहिली प्रदक्षिणा. ही फेरी म्हणजे एक शर्यत होती. तिच्यात नऊ जण होते. पूर्ण करणारा हा एकटा.

दक्षिण महासागरात सप्टेंबर १९६८ मध्ये एका लाटेने सुहेलीला आडवे पाडले, तेव्हा केबिनचा वरचा सांगाडाच डेकवरून किंचित सरकला होता. केबिनमधली प्रत्येक सुटी वस्तू अशा वेळी गोफणीतल्या दगडासारखी उडते. टेबल जमिनीला बोल्टांनी का जखडायचे, याला वेगळे स्पष्टीकरण लागत नाही.

टेबलाच्या दृष्टीने खरी शिकवण मात्र या सफरीनंतरची आहे. सुहेली पुढे ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात मांडली गेली. छताखाली, नियंत्रित हवेत, पावसापाण्यापासून दूर. तिथल्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसू लागल्या आणि सांधे उघडू लागले. अखेर २००२ मध्ये तिला बाहेर काढून परत पाण्यात नेण्याचा निर्णय झाला. दक्षिण महासागराने जे केले नाही ते संग्रहालयातल्या कोरड्या हवेने करायला घेतले होते.

गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावरच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये हाच वारसा वेगळ्या साहित्यात पुढे चालला. तिथे रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ २००९ मध्ये नौदलात आली. तिच्यातून दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय म्हणून परतले. अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून २०१२-१३ मध्ये न थांबता फेरी पूर्ण केली. म्हादेईचा सांगाडा लाकडाच्या पट्ट्यांचा, आतून-बाहेरून फायबरग्लासने बंद केलेला. याच यार्डात सुहेलीची प्रतिकृती म्हणून ‘थुरिया’ही बांधली गेली. लाकडाला हवेपासून पूर्ण तोडायचे, हा एक मार्ग. त्याला हलायला जागा ठेवायची, हा दुसरा. टेबल दुरुस्त करताना यातला कोणता मार्ग धरायचा हे आधी ठरवावे लागते. अर्धे इकडचे आणि अर्धे तिकडचे केले की टेबल फाटतेच.

भिलाईची हवा आणि सुताचा हिशेब

छत्तीसगडमधल्या भिलाईहून मुंबई रेल्वेने सुमारे ११०० किलोमीटर आहे. समुद्राशी या गावाचा संबंध पोलादाच्या मार्गाने येतो. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू युद्धनौकेसाठी ‘सेल’ या सरकारी पोलाद कंपनीने जे सुमारे ३०,००० टन खास पोलाद पुरवले, ते भिलाई, बोकारो आणि राउरकेला या कारखान्यांतून गेले. तरीही नौकेच्या टेबलाचा अभ्यास करायला भिलाई हे वाटते त्यापेक्षा चांगले ठिकाण आहे, आणि त्याचे कारण इथली हवा.

लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते. कापून कितीही वर्षे झाली तरी हा व्यवहार थांबत नाही. हवा दमट झाली की फळी आडवी फुगते, कोरडी झाली की आकसते. लांबीत मात्र फरक जवळजवळ पडत नाही. मे महिन्यात भिलाईत दुपारी पारा ४२-४४ अंशांवर जातो आणि हवा इतकी कोरडी होते की उघड्या लाकडातला ओलावा वजनाच्या पाच-सहा टक्क्यांपर्यंत उतरतो. ऑगस्टमध्ये तेच लाकूड पंधरा-सोळा टक्क्यांवर जाते. मुंबई किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर हवा बारा महिने दमट असते, त्यामुळे तिथले लाकूड साधारण बारा ते सतरा टक्क्यांच्या मध्ये फिरते. म्हणजे समुद्रावर ओलावा जास्त असतो, पण चढउतार कमी. भिलाईत चढउतार दुप्पट.

हा फरक टेबलावर किती दिसतो, त्याचा हिशेब सोपा आहे. आडव्या चिरेच्या सागवानी फळीत ओलावा एक टक्का बदलला की रुंदीत साधारण ०.१९ टक्के फरक पडतो. दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर रुंदीच्या टेबलात दहा टक्क्यांचा चढउतार झाला तर ११ मिलिमीटर. सुताराच्या भाषेत साडेतीन सूत. घरातले तीन फुटी जेवणाचे टेबल असेल तर पाच सुतांच्या पुढे. पॉलिशमुळे ओलावा आत-बाहेर व्हायला वेळ लागतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून कमी येतो. पण शून्य कधीच येत नाही. हीच फळी उभ्या चिरेची असेल, म्हणजे तिच्या टोकाकडून पाहिल्यावर वलयरेषा उभ्या दिसत असतील, तर फरक साधारण निम्म्यावर येतो.

भिलाईच्या सेक्टरांमधल्या जुन्या क्वार्टरांत, विदर्भातून कारखान्याच्या नोकरीला आलेल्या कुटुंबांकडे दोन पिढ्यांची सागवानी टेबले अजून असतात. उन्हाळ्यात त्यांतल्या अनेकांच्या मधोमध फट पडते आणि पावसाळ्यात ती मिटते. लोक म्हणतात, लाकूड कच्चे होते. बहुतेक वेळा लाकूड पक्के असते. त्याला हलायला जागा ठेवलेली नसते. खिडकीतल्या कूलरसमोर टेबल असेल तर गंमत आणखी वाढते. एका टोकाला ओला वारा, दुसऱ्या टोकाला भट्टीसारखी हवा, आणि मध्ये एकच फळी. नौकेच्या केबिनमध्ये एवढा अत्याचार लाकडावर होत नाही. म्हणूनच नौकेच्या टेबलासाठी जे नियम पाळतात ते भिलाईच्या जेवणाच्या टेबलाला अधिकच लागू पडतात.

आधी उकलायचे

दुरुस्तीची सुरुवात टेबल सुटे करण्यापासून होते. नौकेत टेबलावर काम करण्यात अर्थ नसतो. लाकडाची भुकटी इंजिनापर्यंत जाते आणि शिकंजे लावायला जागा मिळत नाही. स्क्रू बहुधा दिसतच नाहीत. त्यांच्या डोक्यावर त्याच लाकडाची गोल बुचे बसवलेली असतात. पटाशीने बूच उकरले की भोवतीच्या लाकडाचा टवका उडतो. त्यापेक्षा बुचाच्या मधोमध बारीक भोक पाडावे आणि त्यात एक लांब स्क्रू पिळत जावे. त्याचे टोक खालच्या स्क्रूच्या डोक्याला टेकले की बूच आपोआप वर उचलले जाते. गंजून अडकलेल्या स्क्रूच्या डोक्यावर तापलेली सोल्डरिंगची सळई मिनिटभर धरावी; धातू प्रसरण पावतो, गंजाची पकड सुटते, आणि गार झाल्यावर स्क्रू फिरतो. प्रत्येक भागाच्या खालच्या बाजूला पेन्सिलने खूण करावी. डावे पान आणि उजवे पान सारखेच दिसते, पण तीस वर्षांत दोन्हींच्या बिजागऱ्यांची भोके आपापल्या वाटेने गेलेली असतात.

मग सगळ्यात महत्त्वाची परीक्षा: फळी भरीव सागवानाची आहे की प्लायवुडवर सागवानाचा पातळ पापुद्रा? १९७०-८०च्या दशकात कारखान्यात तयार झालेल्या नौकांत बऱ्याचदा पापुद्राच असतो. भरीव फळीच्या वरच्या बाजूच्या रेषा टोकावरून खाली उतरत तळाशी जुळतात. पापुद्र्याच्या रेषा कडेला तुटतात, किंवा कडेवर वेगळी पट्टी चिकटवलेली दिसते. ही परीक्षा न करता घासायला बसणे हा या कामातला सर्वांत महागडा आळस. पापुद्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. घासणीचे यंत्र एका जागी दहा सेकंद जास्त रेंगाळले की खालचे फिके लाकूड डोकावते, आणि ते कशानेही झाकत नाही.

डागांचीही वाचणी असते. पांढरे वलय पॉलिशमध्ये अडकलेल्या ओलाव्याचे. ते वरवरचे असते आणि जुने पॉलिश काढले की जाते. काळे वलय लाकडात उतरलेले असते. लोखंडी भांडे किंवा खिळा, पाणी आणि लाकडातली तुरट द्रव्ये यांनी मिळून तयार केलेली ती शाईच. त्यावर कोमट पाण्यातले ऑक्झॅलिक आम्ल लावतात. ते विषारी आहे. हातमोजे हवेत, आणि डाग गेल्यावर फळी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्यावी लागते. ज्या टेबलावर मुले जेवणार आहेत तिथे हा शेवटचा टप्पा उरकून टाकू नये.

फळी भरीव असेल आणि झीज वरवरची असेल तर रंधा हलक्या हाताने मारून, खरवडून, मग ८० नंबरपासून २२०पर्यंतच्या पॉलिश पेपरने घासून भागते. अनेक सुतार खरवडायला अजूनही फुटक्या काचेचा तुकडा वापरतात, आणि यंत्राने येत नाही असा गुळगुळीतपणा त्याने येतो. सागवानात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात. पटाशीची आणि रंध्याची धार त्यामुळे पटकन जाते. दर अर्ध्या तासाने धार लावणारा सुतार वेळ घालवत नसतो.

लाकूड

नवी फळी लागणारच असेल तर लाकडासाठी भिलाईला फार लांब जावे लागत नाही. राज्याच्या पश्चिम सीमेला लागून गडचिरोली आणि पलीकडे चंद्रपूर, म्हणजे मध्य भारतातल्या सागवानाचे माहेर. आलापल्लीच्या जंगलात जुन्या प्रचंड सागवानांचा एक तुकडा ‘वनवैभव’ म्हणून राखून ठेवला आहे, आणि बल्लारशाच्या लाकडाने अयोध्येच्या राममंदिराच्या दारांपर्यंत मजल मारली. छत्तीसगडचे स्वतःचे राज्यवृक्षाचे मानकरी झाड साल, इथल्या बोलीत सरई. ते सागवानापेक्षा बरेच जड आणि कणखर. रुळांखालच्या स्लीपरांना त्याचा जमाना होता. टेबलाला मात्र ते नको. वाळताना ते चिरते, वाकते आणि रंध्याला दाद देत नाही.

जहाजांना सागवान का, याचे उत्तर मुंबईच्या गोदीने दोनशे वर्षांपूर्वीच दिले आहे. १८१७ मध्ये जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया कुटुंबाच्या देखरेखीखाली मलबारी सागवानातून इथे बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे ब्रिटिश युद्धजहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूलला तरंगत उभे आहे. सागवानातले नैसर्गिक तेल पाणी आणि कीड दूर ठेवते, आणि ओलाव्याने होणारी त्याची हालचाल इतर कठीण लाकडांच्या मानाने कमी असते. वर काढलेले साडेतीन सूत हे सागवानाचे. दुसऱ्या बऱ्याच लाकडांचा आकडा याहून वाईट येतो.

आरा मशीनवर लाकूड घेताना सुतार घनफुटाचा भाव विचारतो, गाठी आणि पांढरा भाग पाहतो. ओलावा क्वचितच पाहतो. सुईचे ओलावामापक यंत्र असले तर उत्तमच. नसले तर स्वयंपाकघरातला वजनकाटा चालतो: त्याच लाकडाचा एक हातभर तुकडा घरात ठेवायचा आणि दर रविवारी तोलायचा. वजन उतरत असेल तोवर लाकूड वाळते आहे. सलग तीन आठवडे काटा एकाच आकड्यावर थांबला की ते खोलीच्या हवेशी जुळले. हवेच्या दमटपणानुसार देशाचे चार विभाग करून, कोणत्या भागात लाकूड किती वाळलेले असावे हे सांगणारे भारतीय मानक आहे, क्रमांक २८७. भिलाईच्या एका दुकानात तयार केलेले टेबल मालवणच्या नौकेत जाणार असेल तर तो आकडा गावानुसार नव्हे, टेबल जिथे राहणार त्या जागेनुसार धरावा लागतो. मेमध्ये भिलाईत घट्ट बसवलेली फळी जुलैत किनाऱ्यावर पोचली की तिला फुगायला जागा हवी असते, आणि ती स्वतःच जागा करून घेते. कठड्याचे स्क्रू तोडून.

जोडायचे कसे

दोन फुटांची अखंड फळी मिळाली तरी वापरू नये. ती परातीसारखी वाकते. चार-पाच इंची उभ्या चिरेच्या पट्ट्या कडेला कड लावून चिकटवल्या की टेबल सपाट राहते. कडा रंध्याने इतक्या सरळ कराव्या लागतात की दोन पट्ट्या एकमेकींवर उभ्या धरून उजेडासमोर नेल्या तर मधून प्रकाशाची रेघ दिसू नये. शिकंज्याच्या जोरावर फट मिटवणारा सुतार पुढच्या मे महिन्यासाठी काम मागे ठेवतो.

इथे सागवानाचा गुण अंगावर येतो. पाणी दूर ठेवणारे तेच तेल सरसालाही दूर ठेवते. म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी कडा ताज्या रंधून ॲसिटोनने पुसायच्या. पहिल्या फडक्यावर पिवळसर-तपकिरी डाग येतो. फडके स्वच्छ येईपर्यंत पुसायचे, आणि ॲसिटोन उडून गेला की लगेच, तेल पुन्हा वर यायच्या आत चिकटवायचे. दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवले तर सगळे पहिल्यापासून. जुन्या काळचा जनावरांच्या हाडा-कातड्याचा सरस ओलाव्याने सुटतो, म्हणून नौकेत तो बाद. नेहमीचा पांढरा गोंदही, १९५९ पासून घराघरांत पोचलेला साधा फेव्हिकॉल धरून, सततच्या ओलीत मऊ पडतो. नौकेसाठी दोन भाग मिसळून वापरायचे इपॉक्सी किंवा खास पाणी सोसणारा सरसच घ्यावा. इपॉक्सीच्या सांध्यावर शिकंजा फार आवळू नये. सगळा सरस बाहेर पिळला जातो आणि सांधा उपाशी राहतो.

दुसरा मार्ग प्लायवुडचा. प्लायवुडचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे ते हवेनुसार जवळजवळ हलत नाही. त्यावर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा सागवान चिकटवला की वरून टेबल भरीव दिसते. पण तेवढ्याच जाडीचा थर खालूनही लावावाच लागतो. एकाच बाजूला लावला की तो त्या बाजूला ओढतो आणि टेबल केळीच्या पानासारखे वळते. नौकेसाठीचे प्लायवुड म्हणजे भारतीय मानक ७१० चे. त्याच्या नमुन्याला ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. साध्या प्लायवुडच्या मानकात ही परीक्षा इतकी कडक नाही, आणि दुकानात ‘मरीन’ हा शब्द मात्र सगळ्यांवर छापलेला सापडतो. विकत घेताना शब्द वाचू नये, आकडा वाचावा.

झिजलेली पण जपण्यासारखी जुनी फळी असेल तर ठिगळ लावतात. खराब भागावर हिऱ्याच्या आकाराचा तुकडा बसवतात. त्याच्या कडा रेषांना तिरक्या जातात, त्यामुळे सांधा डोळ्याला सापडत नाही आणि सरसाला पकडही चांगली मिळते. ठिगळाच्या रेषा भोवतीच्या रेषांच्या दिशेनेच हव्यात. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून रंग जुळवण्याचा मोह होतो, पण पुट्टी लाकडाबरोबर हलत नाही. दोन पावसाळ्यांत तिच्याभोवती काळी रेघ उमटते.

कठडा, बिजागरी, पाय

केबिनच्या टेबलातली सर्वांत सामान्य चूक कठड्यात असते. लांबीच्या बाजूचा कठडा रेषांना समांतर असतो; तो सरसाने चिकटवला तरी चालतो. रुंदीच्या बाजूचा कठडा मात्र रेषांना आडवा येतो. फळी आडवी फुगते-आकसते, कठडा लांबीत हलत नाही. दोघांना सरसाने बांधले की फळीला एकच वाट उरते: मधून फाटण्याची. म्हणून आडवा कठडा फक्त मधल्या स्क्रूने पक्का करायचा, आणि बाकीच्या स्क्रूंसाठी गोल भोकांऐवजी लांबट खाचा पाडायच्या, म्हणजे फळी सरकली की स्क्रू खाचेत सरकतो. भिलाईच्या घरगुती टेबलांत टोकांना आडव्या लावलेल्या पट्ट्यांची गोष्ट तीच. मधोमध फाटलेले टेबल उलटे करून पाहिले तर दहातल्या आठ वेळा टोकाची पट्टी भरभक्कम चिकटवलेली सापडावी. फाटण्याचा दोष सुताराच्या कसबाला द्यायचा की त्याच्या अति-कसबाला, हा प्रश्नच आहे.

फळी खालच्या चौकटीला जोडतानाही हाच न्याय. चौकटीच्या आतल्या बाजूला खाच पाडून लाकडाचे छोटे गुटके बसवतात. गुटक्याचे नाक खाचेत सरकते, आणि त्याचा स्क्रू फळीत घट्ट बसतो. फळी कितीही हलली तरी चौकट जागेवर राहते.

बिजागऱ्यांच्या भोकांत जुने स्क्रू फिरत असतील तर मोठा स्क्रू घालू नये. भोक मोठे करून त्यात सागवानाची खुंटी इपॉक्सीने बसवावी आणि नवे भोक पाडावे. खुंटी लाकडाच्या आडव्या बाजूने कापलेली हवी. उभ्या रेषेच्या खुंटीच्या टोकात स्क्रूचे आटे पकड घेत नाहीत. स्क्रूचा धातू हा स्वतंत्र विषय. साधे पोलादी स्क्रू खाऱ्या हवेत गंजतात, फुगतात आणि भोवतीचे लाकूड काळे करतात. सुहेलीचे मूळ लोखंडी खिळेही असेच गंजले आणि ते बदलावे लागले. पितळ शोभते, पण खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते. स्क्रू गुलाबी पडतो आणि पिळला की मोडतो. नौकेत ३१६ जातीचे स्टेनलेस घ्यावे. भिलाईच्या कारखान्याचे पोलाद रुळांचे आणि जाड पत्र्यांचे. सेलचे स्टेनलेस येते ते तमिळनाडूतल्या सेलमहून.

पाय जमिनीच्या फळीला नव्हे, तिच्याखालच्या आडव्या तुळयांना बोल्टने बांधायचा. काम झाल्यावर टेबलाच्या कडेवर एका धडधाकट माणसाने आपले पूर्ण वजन झटक्याने टाकून पाहावे. टेबल हलले तर समुद्रात मोडणार आहे, हे बंदरातच कळलेले बरे.

पॉलिश

पॉलिशने ओलावा थांबत नाही. त्याची गती मंदावते. म्हणून ते सगळीकडून सारखे हवे. वरून पाच हात आणि खालून कोरे असे टेबल खालून आधी ओलावा घेते आणि वाकते. ही चूक घराघरांत होते, कारण खालची बाजू पाहुण्यांना दिसत नाही. फळीची टोके नळीसारखी पाणी शोषतात. त्यांना दोन हात जास्त द्यावेत.

लाखेचे फ्रेंच पॉलिश सुंदर दिसते, पण गरम कुकर आणि पाणी त्याला सोसत नाही. नौकेत मरीन व्हार्निश किंवा दोन भागांचे पॉलियुरेथेन चालते. पहिला हात थिनर घालून निम्म्याने पातळ करायचा, म्हणजे तो लाकडात मुरतो. त्यावर पाच-सहा पातळ हात, प्रत्येक दोन हातांमध्ये ३२० नंबरच्या कागदाने अलगद घासून, भुकटी ओल्या फडक्याने टिपून. जाड हात दिल्याने काम लवकर होत नाही. वरचा थर वाळतो, आतला मऊ राहतो, आणि पहिल्याच गरम पातेल्याचा तळ त्यात उमटतो.

भिलाईत हे सगळे काम करायचा योग्य महिना नोव्हेंबर. पावसाचा ओलावा उतरलेला असतो, उन्हाळ्याची कोरड सुरू झालेली नसते, आणि लाकूड आपल्या वर्षभराच्या प्रवासाच्या साधारण मध्यावर असते. तेव्हा जोडलेली फळी एकूण फरकाच्या निम्मी मेमध्ये आकसते आणि निम्मी ऑगस्टमध्ये फुगते. हवा थंड असल्याने व्हार्निश सावकाश वाळते, एवढाच त्रास. शेवटचा हात दिल्यावर टेबल निदान आठवडाभर रिकामे ठेवावे, आणि त्यावर पहिले गरम भांडे ठेवताना खाली चुंबळ घालावी.